चारशे बारा नंबरचं रोप

हेमचंद्र वाघोलीकरांना कुणी "तुम्ही काय करत होता?" असं विचारलं की ते जरा अडखळायचे. ट्रॉयच्या मराठी मंडळींत हा प्रश्न हटकून निघायचा आणि आजूबाजूची उत्तरं वजनदार असायची. कुणी हृदयाचे डॉक्टर, कुणी इंजिनं डिझाइन करणारे. हेमचंद्र नुसते म्हणायचे, "ऑटोमध्ये होतो." मोटारींच्या कारखान्यांवर जगणाऱ्या मिशिगनमध्ये एवढं पुरतं. पण शेजारी सुचित्रा असली तर ती गप्प बसायची नाही. "हे तडे बघायचे," ती ठणकावून सांगायची. "बत्तीस वर्षं. यांच्या नजरेतून तडा सुटला नाही कधी."

सुचित्रा मिरजेत नर्सिंग शिकलेली. पंचाहत्तर साली तिला डेट्रॉइटच्या एका हॉस्पिटलात नोकरी मिळाली, तेव्हा बायकोच्या मागे नवरा परदेशी निघाला म्हणून गल्लीत बरीच थट्टा झाली. हेमचंद्रांकडे मेकॅनिकलचा डिप्लोमा होता आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीतला तीन वर्षांचा अनुभव. त्या जोरावर त्यांना क्रँकशाफ्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनिसाचं काम लागलं. काळ्या पडद्यांनी बंद केलेल्या खोलीत उभं राहायचं. समोर इंजिनाचा दांडा यायचा. त्याला चुंबक करून त्यावर तेल ओतायचं. तेलात चमकणारी लोखंडाची भुकटी. केसाएवढा तडा असला तरी भुकटी तिथे गोळा व्हायची आणि जांभळ्या दिव्याखाली पिवळी-हिरवी रेघ पेटून उठायची. रेघ दिसली की दांडा भंगारात.

पण चमकलं म्हणजे तडाच, असंही नव्हतं. ओरखड्यात अडकलेली भुकटी चमकायची, हातमोज्याचा सुटलेला धागासुद्धा चमकायचा. मग दांडा पुसायचा, पुन्हा तेल ओतायचं, पुन्हा बघायचं. खरी रेघ परत येते, खोटी येत नाही. एकदा त्यांनी तीनशे दांड्यांचा अख्खा लॉट अडवला होता. फोरमन अंगावर धावून आला. हेमचंद्र एवढंच म्हणाले, "मला दिसलं, मी लिहिलं." तीन दिवस कारखान्यात त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही. चौथ्या दिवशी भट्टीतच खोट निघाली आणि फोरमनने त्यांच्यापुढे कॉफीचा कप आणून ठेवला.

एका वर्षी कारखान्यात घरच्या माणसांना बोलावलं होतं, तेव्हा सुचित्रा ती अंधारी खोली बघायला आली. पांढरी सुती साडी नेसून. हेमचंद्रांनी दिवा लावला आणि साबणाने धुतलेली ती साडी निळी निळी उजळली. तिचे दातही. ती स्वतःकडे बघून इतकी हसली की बाहेरच्या माणसाने पडदा सारून आत डोकावून पाहिलं.

दोन वर्षांपूर्वीच्या पानगळीत सुचित्रा गेली.

मुलगा सौमित्र जर्सी सिटीला, एकतिसाव्या मजल्यावर. दर रविवारी फोन करायचा. "बाबा, इकडे या ना. ट्रेन खालीच आहे, सगळं वॉकेबल आहे." हेमचंद्र म्हणायचे, "बघू." एवढ्या मोठ्या घरात त्यांनी एकटं राहू नये म्हणून मग सौमित्रनेच मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं आणि जानेवारीत नैना वरच्या खोलीत राहायला आली.

नैना नागपूरची. वय एकतीस. झाडांच्या शास्त्रात पीएचडी केलेली, आणि आता अर्ध्या तासावरच्या विद्यापीठात पुढचं संशोधन करत होती. पहिले काही दिवस ती स्वतःपुरते नूडल्स उकळायची. मग एकदा हेमचंद्रांनी पिठलं जास्त केलं, एकदा तिने भात जास्त लावला, आणि बघता बघता संध्याकाळचं जेवण एकत्र होऊ लागलं. ती घरी यायची ती मनगट चोळत आणि डोळे चोळत.

"एवढं काय काम असतं गं?" त्यांनी एकदा विचारलं.

तिने ताटातली मोहरी बोटावर घेतली. "काका, हिच्या कुळातलं एक रोप आहे. बोटभर उंच. त्याच्या मुळाला बाजूला मुळं फुटतात ना, ती नेमकी कुठे फुटायची हे झाड कसं ठरवतं, ते मला शोधायचंय. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून आम्ही आत एक खूण घातलीय. समुद्रातल्या जेलीफिशमध्ये एक प्रोटीन असतं, निळ्या उजेडात हिरवं चमकतं. त्याचा जीन आम्ही झाडात असा बसवलाय की जिथे नवं मूळ फुटायचं ठरेल त्याच पेशी चमकाव्यात. आता तीस हजार बियांना औषध लावून त्यांच्यात बारीक बारीक बदल केलेत. एकेक रोप मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि चमक चुकीच्या जागी आलेलं वेगळं काढायचं. त्या रोपात काय बिघडलं ते कळलं, की मुळात काय चालतं ते कळतं."

हेमचंद्रांचा घास हातातच राहिला. "म्हणजे अंधारात बसून चमक शोधायची."

"हो."

"खोटी चमकही असेल."

नैनाने वर पाहिलं. "असते. तुम्हाला कसं माहीत?"

मग त्यांनी सांगितलं. दांडे, तेल, भुकटी, पडदे, सगळं. इतकं सविस्तर त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. नैना मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती, तेही नेमके. आठवडा गेला आणि ती म्हणाली, "काका, आमच्याकडे व्हॉलंटिअर घेतात. मी डॉ. कोवाल्स्कींशी बोललेय. याल?"

डॉ. कोवाल्स्की म्हणजे नैनाच्या लॅबच्या प्रमुख, साठीच्या, केस बारीक कापलेल्या. त्यांनी हेमचंद्रांचा हात हातात घेतला आणि कारखान्याचं नाव ऐकून तो सोडलाच नाही. "माझे वडील फाउंड्रीत होते," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "रविवारीसुद्धा त्यांच्या नखांत काळं असायचं."

सहीसाठी कागद आले, सुरक्षेचा व्हिडिओ बघून झाला आणि एका मंगळवारी सकाळी हेमचंद्र पडदे लावलेल्या खोलीत मायक्रोस्कोपसमोर बसले. नैनाने पहिली काचेची बशी ठेवली. निळा उजेड लागला. पानं लालभडक दिसली, कारण पानांतला हिरवा रंग या उजेडात लाल पेटतो. खाली दोऱ्यासारखं मूळ, आणि मुळाच्या अंगात मध्ये मध्ये एकेक हिरवा ठिपका. हरभऱ्याच्या कोवळ्या घाट्यासारखा हिरवा.

"इथे अजून काही फुटलेलं नाही," नैना कानाशी म्हणाली. "पण इथे फुटणार, हे आत ठरलंय."

"म्हणजे ही चमक चांगली?"

"चांगली ना, काका."

हेमचंद्र बराच वेळ बघत राहिले. बत्तीस वर्षं चमक दिसली की त्यांचा हात दांडा बाजूला काढायला उठायचा. त्या दिवशीही उठला, मग त्यांनी तो परत मांडीवर ठेवला.

मंगळवार आणि गुरुवार त्यांचे झाले. डब्यात पोळी-भाजी, सव्वानऊला हजर. ते तासाला दीडशे रोपं बघायचे, वहीत नंबर लिहायचे, शंका असली की फुली मारायचे. लॅबमधली तरुण मुलं त्यांना 'मिस्टर एच' म्हणायची. एकाने विचारलं, कंटाळा येत नाही का? ते म्हणाले, "क्रँकशाफ्टला पानं नव्हती."

लॅबमध्ये तेव्हा एका रोपाचा बोलबाला होता. नंबर चारशे बारा, म्हणजे वेगळ्या काढलेल्या रोपांतलं चारशे बारावं. नैनाने ते आदल्या वर्षी शोधलेलं. इतर रोपांत हिरवे ठिपके लांब लांब, चारशे बारात सगळं मूळच हिरवं. जणू झाडाने ठरवलं होतं, कुठेही फुटा, मोकळीक आहे. नैनाने त्याची बी वाढवली, त्या बियांपासून शेकडो रोपं केली, कॅमेऱ्याने फोटो काढले. जूनमध्ये एका मोठ्या संमेलनात ती त्यावर बोलणार होती. त्यानंतर नोकरीच्या मुलाखती. ते भाषण तिने जेवणाच्या टेबलावर हेमचंद्रांना दोनदा म्हणून दाखवलं होतं.

मार्चमधल्या एका गुरुवारी बशा बदलताना चारशे बाराची एक बशी चुकून त्यांच्या ढिगात आली. त्यांनी ती ठेवली, डोळे लावले आणि लगेच मागे घेतले. पुन्हा लावले. बाकीच्या रोपांची चमक हरभऱ्याची. ही चमक पिवळट, जुन्या तुपासारखी. मायक्रोस्कोपला रंगीत काचा बदलायची एक चकती होती. खऱ्या खुणेचा उजेड हिरव्या काचेतून दिसतो. लाल काच लावली की मूळ काळोखात जायला हवं. त्यांनी आधी साधं रोप ठेवून लाल काच फिरवली. काळोख. मग चारशे बारा ठेवलं.

मूळ दिसतच होतं. अगदी स्वच्छ.

हेमचंद्रांनी दिवा बंद केला. बशी जागेवर ठेवली. वहीत काहीच लिहिलं नाही.

घरी नैनाने त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी केली होती आणि ती भाषणाची सुरुवात बदलायचं म्हणत होती. हेमचंद्रांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशीही डोलावली. मनात म्हणाले, आपण कोण? डिप्लोमावाले. तिचे गुरू आहेत, कॅमेरे आहेत, कॉम्प्युटर आहेत. कुणाच्या तरी लक्षात येईलच. आणि खरं सांगायचं तर त्यांना भीतीही वाटत होती. सुचित्रा गेल्यापासून त्या टेबलाशी समोर बसून जेवणारं नैनाशिवाय दुसरं माणूस नव्हतं.

शनिवारी ते बागेतलं जुनं गवत उपटायला बसले आणि सुचित्राची बांगडी आठवली. शेवटच्या वर्षी, मार्चमध्येच, चहाचा कप उचलताना तिची बांगडी मनगटावरून घसरून थेट कोपरापाशी गेली होती. हेमचंद्रांनी पाहिलं होतं. त्यानंतर ती जिन्यात तिसऱ्या पायरीवर थांबायला लागली, तेही पाहिलं. ते बोलले नाहीत. बोललं तर ते खरं होईल, असं काहीतरी वाटत होतं. जुलैत तिनेच सांगितलं. तोवर उशीर झाला होता. हॉस्पिटलात, औषधांच्या गुंगीतून जरा बाहेर असताना, तिने विचारलं होतं, "अहो, तुम्हाला दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

"मग विचारलं का नाही?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

"आणि मी थांबले, तुम्ही विचाराल म्हणून," ती म्हणाली आणि त्यांच्या हातावर हात ठेवून डोळे मिटून पडून राहिली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढे कितीदा तरी वाटलं.

रविवारी सकाळी पोह्यांच्या बशा समोर आल्या तेव्हा हेमचंद्र म्हणाले, "नैना, चारशे बाराची चमक मला बरोबर वाटत नाही."

ती हसली. "म्हणजे?"

"रंग वेगळा आहे. पिवळट. आणि लाल काचेतूनही दिसते."

तिचं हसू उतरलं. "काका, मी स्वतः चेक केलंय. लाल काच लावूनच. पहिल्याच आठवड्यात."

"चार दिवसांच्या रोपात केलं असशील. मी सात दिवसांचं बघितलं."

"सहाशे फोटो काढलेत मी!"

"कॅमेरा उजेड किती ते मोजतो. त्याला रंग कळत नाही."

नैनाने चमचा खाली ठेवला. मान, कान लाल झाले होते. "काका, तुम्ही शहात्तर वर्षांचे आहात. मोतीबिंदू असला की सगळं पिवळंच दिसतं. आधी डोळे तपासून घ्या, प्लीज." ती उठली आणि वर गेली. पोहे तसेच राहिले.

पुढचे चार दिवस ती जेवायला खाली आली नाही. सकाळी दार वाजायचं, गाडी सुरू व्हायची, एवढंच. पण हेमचंद्रांना तिचा राग आला नाही. उलट ते विचारात पडले. मुलगी चिडून बोलली, पण बोलली ते चूक नव्हतं. पुसून पुन्हा बघायचं, ते फक्त दांड्याच्याच बाबतीत का? आपला डोळा कुणी पुसून बघितला?

बुधवारी त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली. बाहुल्या मोठ्या करून, उजेड टाकून डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, बऱ्यापैकी पिकलाय. उजवा वयाच्या मानाने उत्तम. हेमचंद्रांना क्षणभर वाईट वाटलं. मग त्यांनी तो रिपोर्ट छापून मागितला.

गुरुवारी लॅबमध्ये त्यांनी वीस बशा घेतल्या, पंधरा साध्या आणि पाच चारशे बाराच्या. नंबराच्या चिठ्ठ्या खालच्या बाजूला करून पत्त्यांसारख्या पिसल्या. डावा डोळा रुमालाने बांधला. उजव्या डोळ्याने लाल काचेतून एकेक बशी बघून दोन ढीग केले आणि शेवटी उलट्या करून पाहिल्या. पाचच्या पाच एका ढिगात होत्या. तेव्हा त्यांनी वहीत लिहिलं. घरी येऊन ते पान आणि डॉक्टरांचा रिपोर्ट नैनाच्या खुर्चीसमोर ठेवला, वर मिठाची बरणी ठेवली आणि ते फिरायला निघून गेले.

परत आले तेव्हा बरणी बाजूला होती, कागद नव्हते.

शनिवारी सकाळी तिने त्यांच्या दारावर टकटक केली. "काका, चला. मी ड्राइव्ह करते."

लॅबमध्ये पडदा ओढून तिने स्वतः बशी ठेवली, लाल काच फिरवली आणि बघत बसली. हेमचंद्र मागे स्टुलावर होते. तिच्या पाठीवरून त्यांना सगळं कळलं. खांदे आधी ताठ होते, मग हळूहळू उतरले.

"एक वर्ष," ती डोळे न काढता म्हणाली. "एक अख्खं वर्ष, काका."

हेमचंद्रांनी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. असं त्यांनी सौमित्रच्या डोक्यावरही फारसं कधी केलं नव्हतं. थोडा वेळ ती रडली. मग नाक पुसून म्हणाली, "त्या दिवशी मी फार वाईट बोलले."

"बरं झालं बोललीस. मोतीबिंदू आहेच की."

ती रडता रडता हसली. मग तिचं डोकं चालू लागलं. "एवढ्यावर सोडून चालणार नाही. तुमचा दांडा पुसता यायचा. रोप कसं पुसायचं?" आणि स्वतःच उत्तर दिलं. "खूणच काढून टाकायची. जेलीफिशचा जीन नसलेलं चारशे बारा वाढवायचं. ते चमकलं नाही, तर चमक खुणेची. तरीही चमकलं, तर..."

"तर खोटी."

सोमवारी तिने डॉ. कोवाल्स्कींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे मीच तुला विचारायला हवं होतं. जूनचं भाषण काढून घे. वाईट वाटून घेऊ नकोस असं म्हणत नाही. घे वाईट वाटून, आणि मग कामाला लाग."

जूनचं भाषण रद्द झालं. नैनाने चिमट्याने खूण नसलेल्या साध्या रोपाचे पराग चारशे बाराच्या फुलावर टेकवले, शेंगा धरल्या, बी पेरलं, त्यातून पुन्हा बी घेतलं. उन्हाळा त्यातच गेला. त्या दिवसांत तिचं खाण्यावरून मन उडालं होतं. हेमचंद्र रोज काहीतरी करून ठेवायचे. एकदा सुचित्राच्या हस्ताक्षरातल्या वहीत बघून कटाची आमटी केली. ती इतकी तिखट झाली की दोघांनी दह्याचा डबा संपवला.

ऑगस्टमध्ये खूण नसलेलं चारशे बारा तयार झालं. सात दिवसांचं झाल्यावर दोघं मायक्रोस्कोपशी बसले. ते चमकत होतं. तेच, पिवळट. पुढच्या तपासण्यांत कारणही कळलं. त्या रोपाच्या मुळातल्या पेशी लवकर मरत होत्या, आणि मरताना त्यांच्यात जे साठतं ते आपलं आपण चमकतं.

"म्हणजे ते बिचारं आजारी होतं, काका," नैना म्हणाली. "आणि मी म्हणत होते, बघा कसं बहरलंय."

हेमचंद्रांनी विचारलं, "आता त्याचं काय करणार?"

"बी जपून ठेवू. पेशी का मरतात हे शोधणारं कुणीतरी असेलच. त्यांना उपयोगी पडेल."

एका छोट्या पाकिटात बी घालून तिने त्यावर नंबर लिहिला आणि खाली 'चमक स्वतःची' असं मराठीत लिहिलं.

अकरा हजार रोपं बघायची राहिली होती. दोघं पुन्हा बसले. ऑक्टोबरमध्ये हेमचंद्रांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सौमित्र यायला निघाला होता, पण नैनाने फोन करून सांगितलं, "दादा, मी आहे." तीच घेऊन गेली, तिनेच थेंब घातले, दर चार तासांनी, घड्याळ लावून. पट्टी निघाल्यावर हेमचंद्र स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "या भिंती पांढऱ्या आहेत होय!"

डिसेंबरमधल्या एका दुपारी नैनाने पडद्याआडून हाक मारली. आवाज अगदी बारीक. "काका, जरा येता?"

एकोणीसशे सात नंबर. त्यात ठिपके लांब लांबच होते, पण एकेकटे नव्हते. प्रत्येक जागी दोन, शेजारी शेजारी. दिसायला चारशे बाराच्या पासंगालाही पुरणार नाही इतकं साधं. हेमचंद्रांनी डाव्या डोळ्याने पाहिलं, उजव्याने पाहिलं. लाल काच फिरवली. काळोख. मागे झाले आणि म्हणाले, "पुन्हा लाव." असं तीनदा केलं. चार दिवसांचं रोप, सात दिवसांचं रोप, दहा दिवसांचं. आठवडाभराने त्यांनी वहीत लिहिलं, 'खरी', आणि खाली सही केली. कारखान्यात करायचे तशी.

यंदा एप्रिलमध्ये शिकागोच्या एका छोट्या संमेलनात नैना त्या रोपावर बोलली. हेमचंद्र तिसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. तिने सुरुवातच चारशे बाराने केली. एक वर्ष मी चुकीच्या चमकेमागे होते, असं सरळ सांगितलं, फोटो दाखवले, लाल काचेतला फोटोही दाखवला. मग एकोणीसशे सात. हेमचंद्रांना निम्मं कळलं नाही आणि मध्ये त्यांचा जरा डोळाही लागला, पण टाळ्या बराच वेळ वाजल्या त्या त्यांनी पूर्ण ऐकल्या.

संध्याकाळी दोघं देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूला जेवायला गेले. नैनाने डोसा मागवला आणि त्याचे तुकडे करत बसली. हेमचंद्र बघत होते. मग त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"काय झालंय?"

"कुठे काय, काका."

"दोन दिवस बघतोय. जेवणात लक्ष नाही. फोन आला की बाहेर जाऊन बोलतेस. काय असेल ते सांग."

नैनाचे डोळे भरले. "मिझुरीत नोकरी मिळाली. स्वतःची लॅब. ऑगस्टपासून."

"अगं, मग ही पेढे वाटायची गोष्ट आहे. रडतेस कशाला?"

"तुम्हाला कसं सांगू कळत नव्हतं. तुम्ही एकटे..."

हेमचंद्र पाणी प्यायले. "मंगळवार-गुरुवार माझे ठरलेले आहेत. डॉ. कोवाल्स्की मला सोडणार नाहीत. सौमित्रकडे महिनाभर जाऊन येईन म्हणतोय, नात मोठी होतेय." मग म्हणाले, "आणि मला वाईट वाटणार आहे. फार वाईट वाटणार आहे. तेही आत्ताच सांगून ठेवतो."

नैनाने टेबलावरून हात पुढे केला. त्यांनी तो धरला. वेटर सांबार वाढायला आला आणि तसाच परत गेला.

जेवून दोघं समोरच्या दुकानात शिरले. हेमचंद्रांनी तिच्यासाठी मेतकूट घेतलं, गोडा मसाला घेतला, पिठल्यासाठी बेसन घेतलं. मिझुरीत काय मिळतं कुणास ठाऊक. पेढेही घेतले, त्यातला एक तिला दुकानातच खायला लावला. पार्किंगची वेळ संपत आली होती, म्हणून पिशव्या घेऊन भरभर चालत गाडीपाशी आले.

"ट्रॉयहून किती तास, तिथे?" पिशव्या मागे ठेवता ठेवता त्यांनी विचारलं.

"नऊ-दहा."

हेमचंद्रांनी दार लावलं, पट्टा बांधला आणि मनातल्या मनात थोडा हिशेब केला.

"मध्ये एक मुक्काम केला तर जमेल," ते म्हणाले.